फॉलोअर्स ४० हजार, वर्गणीदार ६१

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे गृहस्थ पस्तिशीतले. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्यांनी दोघा मित्रांसोबत डाव्या विचारांचं एक ऑनलाइन माध्यम सुरू केलं. वेबसाइट आहे, व्हिडिओ चॅनेल आहे, समाजमाध्यमांवर पानं आहेत. विषय कामगारांचे, भाडेकरूंचे, सार्वजनिक दवाखान्यांचे. आज फॉलोअर्स ४० हजारांच्या पुढे गेलेत, पण दरमहा वर्गणी देणारे वाचक ६१. गाठीचे पैसे संपत आले. एक मित्र म्हणतो, रोजच्या गाजणाऱ्या विषयावर तिखट व्हिडिओ टाकू, व्ह्यूज त्यालाच येतात. दुसरा म्हणतो, एक सधन हितचिंतक वर्षभराचा सगळा खर्च उचलायला तयार आहे, ते पैसे घेऊ. पत्रलेखकाला दोन्ही पटत नाही. ते लिहितात, "अल्गोरिदम आमचा गळा दाबतो, वाचकांपुढे हात पसरायची लाज वाटते आणि आमच्यासाठी फुकट लिहिणाऱ्या पोरांकडे बघवत नाही. आम्ही वाढावं कसं? की बंद करावं?" पत्रासोबत वर्षभराच्या वाचनाच्या आकड्यांचा तक्ताही आहे.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तो तक्ता त्याहून जास्त वेळा. म्हणून सुरुवात तक्त्यापासूनच करते.

तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे. तुम्ही तिच्यावर खूणही केलेली नाही. अकरा महिन्यांपूर्वीचा लेख, 'पगाराची पावती कशी वाचायची'. पहिल्या दिवशी तो जेमतेम २०० जणांनी उघडला. त्याच आठवड्यात तुमचा एका मंत्र्यावरचा व्हिडिओ ९० हजार वेळा पाहिला गेला. पण व्हिडिओचा आलेख पाचव्या दिवशी जमिनीला टेकला आणि हा लेख आजही रोज चाळीस-पन्नास जण वाचतात. ते समाजमाध्यमांवरून येत नाहीत, थेट दुव्यावरून येतात. म्हणजे कुणीतरी कुणाला तरी खासगीत पाठवतंय. आणि येण्याच्या वेळा बघा : रात्री दहानंतर आणि पहाटे पाचच्या आसपास. पाळी सुटायची आणि पाळीला निघायची वेळ.

तुमची वाढ इथे सुरू झालेली आहे, आणि तिघांचं भांडण चाललंय ते ९० हजारांवरून.

अल्गोरिदमबद्दलची तुमची तक्रार खोटी नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने न्यूजफीडची मांडणी बदलली, मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट पुढे आणल्या आणि बातम्यांची पानं मागे सारली. त्या ओघावर जगणाऱ्या कितीतरी माध्यमांचा वाचक त्यानंतर आटला. त्याआधी व्हिडिओची लाट आली होती. लिहिणारी माणसं कमी करून कॅमेरेवाले घेतले जात होते, आणि २०१६ साली फेसबुकनेच कबूल केलं की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात हा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवला जात होता. ऑगस्ट २०२३ मध्ये बातम्यांचे पैसे माध्यमांना द्यायला लावणाऱ्या नव्या कायद्यावरून बिनसलं तेव्हा मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या बातम्याच बंद केल्या. त्यात डावे-उजवे, लहान-मोठे सगळेच गेले. परक्याच्या ओसरीवर मांडामांड केली की कधीतरी ओसरी रिकामी करावी लागतेच. तुमच्यावर कुणाचा खास डूख आहे असं समजू नका. तशी समजूत धरली की माणूस आपल्या कामाकडे पाहायचं सोडून देतो.

आणि समजा, उद्या गळ्यावरचा हात निघाला, ४० हजारांचे ४ लाख झाले. तुम्ही महिनाभर गप्प बसलात तर त्या ४ लाखांतल्या किती जणांना चुकल्यासारखं वाटेल? पावतीचा लेख काढून टाकलात तर पहाटे पाचला फोन उघडणाऱ्या त्या माणसाला नक्की वाटेल.

मी काही वर्षं एका लहान नियतकालिकात होते. आम्ही एका मोठ्या गोदामातल्या कंत्राटी कामगारांवर लेख केला होता, पंधरा दिवस खपून. आम्हाला त्याचा फार अभिमान होता. ज्यांनी हजेरीचे कागद दिले होते त्या बाईंना भेटायला मी नंतर गेले आणि विचारलं, लेख वाचलात का? त्यांनी फोन काढला. काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला, वर पारदर्शक चिकटपट्टी. लेख उघडून त्या अंगठ्याने सरसर वर सारत निघाल्या. पहिल्या तीन परिच्छेदांत आम्ही भांडवलाच्या बदलत्या स्वरूपाबद्दल लिहिलं होतं, तिथे अंगठा थांबलाच नाही. आठव्या परिच्छेदाखाली ओव्हरटाइमच्या तासांचा तक्ता होता, तिथे थांबला. दोन बोटांनी त्यांनी तो मोठा केला, ओठ हलवत एक ओळ वाचली आणि म्हणाल्या, "हे चुकलंय. रविवारचे तास धरलेले नाहीत."

त्यांचं बरोबर होतं. तोवर तो लेख १२ हजार लोकांनी वाचला होता, शाबासकी दिली होती, पुढे पाठवला होता. चूक कुणालाच दिसली नव्हती, कारण त्या १२ हजारांत गोदामात काम करणारं जवळपास कुणी नव्हतं. त्या दिवसानंतर मी कुठल्याही लेखाचे वाचक मोजताना आधी हे विचारते की ज्यांच्यावर लिहिलंय त्यांच्यापैकी किती जणांनी वाचला.

तुमचे वीस-पंचवीस लेख मी वाचले. अभ्यास आहे, कळकळ आहे. पण बहुतेक लेख आधीच पटलेल्या माणसाला पुन्हा पटवणारे आहेत. भाडेकरूंवर सहा लेख आहेत आणि घर खाली करायची नोटीस हातात पडल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं, हे एकातही नाही. दवाखान्यांच्या खासगीकरणावर लेखमाला आहे, पण रुग्णाने कुठला कागद मागून घ्यावा याची ओळ नाही. मग भाडेकरू आणि रुग्ण तुमच्याकडे का येतील, आणि वर्गणी का देतील?

म्हणून माझं पहिलं सुचवणं असं की विषय कमी करा. सहा महिने एकच धरा. तक्ता सांगतोय की तो गोदामांतल्या आणि घरपोच माल पोचवणाऱ्या कामगारांचा असावा. त्या जगातली प्रत्येक गोष्ट तुम्हाला इतरांआधी आणि इतरांपेक्षा नेमकी कळली पाहिजे : कुठला कंत्राटदार बदलला, कुठे पगार लांबला, ॲपमधला दर कधी उतरला, कुठल्या कपातीला काय नाव दिलंय. लोकांना माहिती पाठवता येईल असा एक फोन नंबर ठेवा आणि आलेल्या प्रत्येक संदेशाला दोन दिवसांत उत्तर द्या, "अजून खात्री झाली नाही" एवढं का असेना. आठवड्याच्या लेखाची एका पानाची, मोठ्या अक्षरांतली प्रत बनवा. कुणी छापून सूचनाफलकावर लावेल, कुणी फोटो काढून गटात टाकेल. माहिती देणाऱ्याचं नाव कुठे साठवायचं आणि कुठे मुळीच साठवायचं नाही, हे तिघांनी बसून पहिल्याच दिवशी ठरवा. कागद देणाऱ्याची नोकरी तुमच्या हातात असते.

यात विचार पातळ करा असं मी म्हणत नाही, ही भीती तुमच्या पत्रात ओळींमधून दिसते म्हणून सांगते. २०१० साली अमेरिकेत भास्कर सुंकारा हे विद्यार्थिदशेत असताना त्यांनी 'जॅकोबिन' सुरू केलं. समाजवादावरचं, सैद्धांतिक मजकूर असलेलं नियतकालिक, पण भाषा सरळ, मांडणी देखणी, आणि गावोगावी वाचकांची मंडळं, जिथे लोक एकत्र बसून लेखांवर बोलत. सिद्धांत लोकांना नको असतो हा समज त्यांनी खोटा पाडला. तुमचा सिद्धांत ओव्हरटाइमच्या तक्त्यातून वर येऊ द्या. रविवारचे तास कुठे गेले, हा प्रश्न नीट लावून धरला की वाचक मालकी आणि नफ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी पोचतो.

आता पैशांकडे. हात पसरायची लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंत. हा शब्दच मला खटकला. संघटनेच्या वर्गणीला आपण भीक म्हणतो का? माध्यमाच्या वर्गणीला मग का म्हणावं? बातमीला खर्च येतो आणि तो कुणीतरी देतंच. जाहिरातदार देतो, मालक देतो, सरकार देतं, नाहीतर वाचक देतो. या चौघांत वाचकाकडून घेतलेला पैसा सर्वात स्वच्छ, आणि नेमका तोच मागायला डावी माणसं लाजतात हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय.

'मदर जोन्स' या अमेरिकन नियतकालिकाने २०१६ साली एक मोठी शोधकथा छापली. त्यांचा वार्ताहर शेन बाउअर चार महिने एका खासगी तुरुंगात पहारेकरी म्हणून राहिला होता. पुढे संपादकांनी हिशेब वाचकांपुढे मांडला : कथेला खर्च आला सुमारे ३ लाख ५० हजार डॉलर आणि तिच्यावरच्या जाहिरातींतून मिळाले सुमारे ५ हजार. इतकी वाचली गेलेली कथा, तरी हे प्रमाण. म्हणजे व्ह्यूज वाढले की पैसा आपोआप येतो, ही तुमच्या पहिल्या मित्राची समजूत तिथेच निकालात निघते. आणि हिशेब असा उघड मांडून वर्गणी मागणं ही लाजेची गोष्ट नाही, हेही त्यातच दिसतं.

फ्रान्समध्ये 'मीडियापार्ट' हे ऑनलाइन वृत्तमाध्यम मार्च २००८ मध्ये सुरू झालं तेव्हा इंटरनेटवर बातम्या फुकट हीच रीत होती. त्यांनी पहिल्या दिवसापासून वर्गणी लावली, जाहिराती नाकारल्या. सुरुवातीची वर्षं तोट्यात गेली. २०१० साली बेतांकूर प्रकरणाचा, म्हणजे एका अतिश्रीमंत बाईंच्या करचुकवेगिरीचा आणि राजकीय देणग्यांचा, छडा त्यांनी लावला आणि वर्गणीदार वाढू लागले. कुठलंही घोषवाक्य जे करू शकलं नसतं ते एका पक्क्या बातमीने केलं. २०१९ मध्ये त्यांनी आपली मालकी अशा ना-नफा रचनेत ठेवली की उद्या कुणी धनवान आला तरी त्याला ते विकत घेता येऊ नये. बर्लिनच्या 'ताझ' या दैनिकाने वेगळी वाट धरली. १९९२ पासून ते वाचकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे. ज्याचे शेअर जास्त त्याचं मत जास्त, असं तिथे नाही. एका सभासदाला एकच मत. वेबसाइट सगळ्यांना खुली, ज्याला परवडतं तो स्वेच्छेने दरमहा देतो. तुमच्यासाठी मला ही दुसरी वाट योग्य वाटते, कारण पावतीचा लेख ज्याला हवा आहे त्याच्या आणि लेखाच्या मध्ये तुम्ही कुंपण घालू शकणार नाही, घालूही नये. परवडणाऱ्याने न परवडणाऱ्यासाठी द्यावं, हे स्पष्ट शब्दांत लिहा. लोक देतात.

आकडा किती हवा? तुम्ही पाठवलेला महिन्याचा खर्च, त्यात तिघांचे साधे पगार आणि बाहेरच्या लेखकांचं मानधन मिळवून, आजच्या सरासरी वर्गणीने भागला तर साधारण ९०० येतात. आज ६१ आहेत. दरी मोठी आहे हे मान्य. पण ९०० माणसं हा डोळ्यांसमोर आणता येणारा आकडा आहे, एका मोठ्या सभागृहात मावणारा. "लाखो लोकांपर्यंत पोचायचं" यातून आज सकाळी काय काम करायचं ते कळत नाही, ९०० वरून कळतं. आधी त्या ६१ जणांना एकेक करून फोन करा. का देता, काय वाचता, काय मिळत नाही, तुमच्यासारखी आणखी दोन माणसं कोण, एवढंच विचारा. तिघांत वाटून घेतलंत तर आठवड्याचं काम आहे, आणि वर्षभराच्या आकड्यांतून जे कळलं नाही ते त्यात कळेल.

दुसरं, ई-मेलची यादी. तुमच्या वेबसाइटवर ई-मेल नोंदवायची जागाच मला सापडली नाही. यादी तुमची असते, कुठल्याही कंपनीचा नियम बदलला तरी ती तुमच्याजवळ राहते. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी पत्र पाठवा. त्यात या आठवड्यात काय शोधलं, कुठे अडलं, कुठली चूक दुरुस्त केली, पैसे कुठे गेले हे लिहा. वर्गणीचं आवाहन उपयोगी पडलेल्या लेखाच्या शेवटी, दोन ओळींत. रोज उठून "आम्हाला वाचवा" म्हणू नका; सतत बुडणाऱ्या नावेत कुणी बसत नाही.

बाहेर पसरायचं तर मजकूर इतरांना मोकळेपणी घेऊ द्या. अमेरिकेतला 'डेमोक्रसी नाऊ!' १९९६ साली रेडिओवरचा बातम्यांचा कार्यक्रम म्हणून सुरू झाला. जाहिराती, कंपन्यांचे किंवा सरकारचे पैसे ते घेत नाहीत, आणि आज हजाराहून अधिक रेडिओ-टीव्ही केंद्रं तो कार्यक्रम दाखवतात, त्यांतली बरीचशी लहान, लोकांनी चालवलेली. दुसऱ्यांच्या पाठीवर बसूनही दूर जाता येतं. संघटनांची बातमीपत्रं, इतर लहान पोर्टलं, कुणालाही नाव देऊन जसंच्या तसं छापायची परवानगी द्या.

हितचिंतकाच्या देणगीबद्दल मी सरसकट नाही म्हणणार नाही. ते गृहस्थ वाईट हेतूने देताहेत असं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. पण 'द इंटरसेप्ट' या अमेरिकन शोधपत्रकारितेच्या वेबसाइटचं उदाहरण पाहा. २०१४ साली एका अब्जाधीशाच्या पाठबळावर ते सुरू झालं आणि त्यांनी मोठं काम केलं. २०२३ मध्ये त्या पाठबळाविना स्वतंत्र व्हायची वेळ आली आणि पुढच्याच वर्षी माणसं कमी करावी लागली. देणाऱ्याने बातमीत ढवळाढवळ केली नाही तरी एकाच खांबावर उभं घर हे एकाच खांबावर उभं असतं. घ्यायचंच असेल तर एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका. देणाऱ्याचं नाव आणि रक्कम जाहीर करा. आणि तो पैसा पगारात घालू नका. ई-मेल यादी, वर्गणीची व्यवस्था, प्रकाशनापूर्वी मजकूर तपासणारा वकील, यांवर खर्च करा, म्हणजे देणगी थांबली तरी काहीतरी उभं राहिलेलं असेल. ते यावर नाराज झाले तर तुम्हाला वेळेत कळलं असं समजा.

वकिलाचं सहज म्हणून लिहिलेलं नाही. 'मदर जोन्स'वर एका धनाढ्य राजकीय देणगीदाराने अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. २०१५ मध्ये निकाल नियतकालिकाच्या बाजूने लागला, तरी तोवर त्यांचा आणि त्यांच्या विमा कंपनीचा मिळून सुमारे २५ लाख डॉलर खर्च झाला होता. कंत्राटदारांची नावं तुम्ही छापणार असाल तर प्रत्येक वाक्याचा कागद जपून ठेवा आणि समोरच्याला बाजू मांडायला लेखी विचारल्याशिवाय काही छापू नका.

फुकट लिहिणाऱ्या मुलांबद्दल मात्र मी मवाळ बोलू शकत नाही. वेतनचोरीवर लिहिणारं माध्यम लेखकाला पैसे देत नाही, ही गोष्ट तुमच्या वाचकाला आज ना उद्या कळणार. नोव्हेंबर १९९९ मध्ये सिएटलला जागतिक व्यापार संघटनेविरुद्ध निदर्शनं झाली तेव्हा 'इंडीमीडिया' उभं राहिलं. कुणीही लिहावं, कुणीही छापावं. काही वर्षांत जगभर शंभराहून अधिक केंद्रं झाली. मला ते दिवस फार आशेचे वाटले होते. पण मजकूर तपासणं, द्वेषाच्या आणि रद्दी पोस्ट काढणं, सर्व्हर सांभाळणं हे सारं काम पगाराविना करणारी माणसं थकत गेली, आणि ती थकल्यावर मागे सांभाळणारं कुणी उरलं नाही. निष्ठेवर माणूस वर्षभर चालतो, फार तर दोन वर्षं. म्हणून महिन्याला वीस लेखांऐवजी चार छापा आणि चौघांना मानधन द्या. रक्कम लहान असेल तर लहान सांगा, पण ठरलेल्या तारखेला द्या.

राहिला पहिला मित्र. त्याला चूक ठरवून बाजूला करू नका. तीन वर्षं तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिलाय, लोकांशी बोलायची कला तुम्हा तिघांत त्याच्याकडेच आहे. त्याला पावतीच्या लेखाचा व्हिडिओ करायला द्या, दीड मिनिटाचा, पडद्यावर पावती, तिच्यावर बोट. मग एक नोटिशीवर, एक अपघातानंतर पहिल्या तासात काय करायचं त्यावर. त्याला व्ह्यूज हवेत ते माणसांपर्यंत पोचायचं म्हणूनच ना? तीन महिन्यांनी दोन्ही प्रकारच्या व्हिडिओंखाली किती जणांनी ई-मेल नोंदवला ते शेजारी शेजारी ठेवा आणि त्यालाच ठरवू द्या.

बंद करायचं का, याचं उत्तर आज देऊ नका, पण तारीख आज ठरवा. सहा महिन्यांनंतरची. तोवर ६१ चे ३०० झाले तर पुढचं वर्ष धरा. १०० च्या आतच राहिले तर तिघांनी अर्धवेळ नोकऱ्या धरून आठवड्याला एक पत्र आणि महिन्याला एक पक्का लेख एवढ्यावर यायचं. ती हार नव्हे, त्या आकारातही पहाटे पाचच्या वाचकाला जे हवं ते देता येतं. तेही झेपलं नाही तर सभासदांना दोन महिने आधी सांगून, मानधनाची बाकी चुकती करून आणि सगळे लेख वाचता येतील असे जागेवर ठेवून थांबा. आणि घरच्यांना ही तारीख सांगा. गाठीचे पैसे तुमच्या एकट्याचे नसतील.

जाता जाता, पावतीच्या लेखाखाली "तुमची पावती आम्हाला पाठवा" असं लिहून जो ई-मेल पत्ता दिलाय, त्यावर मी काल एक ओळ पाठवून पाहिली. पत्ता बंद असल्याचा निरोप आला. अकरा महिन्यांत त्यावर कोणी कोणी लिहिलं असेल ते आता कळणार नाही. आज रात्री दहाच्या आत तो बदला.